जुनी डिस्पेंसर मशीन: दुरुस्त करायची, डोकं बदलायचं, की सगळंच नवं घ्यायचं?

निळी_टाकी

नमस्कार मंडळी. आमच्या पेट्रोल पंपावर गाड्यांत इंधन भरणारी चार डिस्पेंसर मशीन आहेत, सगळी वीसेक वर्षांची आणि सक्शनवाली, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात स्वतःची मोटर, पट्टा आणि पंप. दोन पेट्रोलची, दोन डिझेलची.

तक्रारी अशा. पेट्रोलचं एक मशीन सकाळी छान चालतं, पण दुपारी ऊन तापलं की धार बारीक होते आणि आतून खरखर ऐकू येते. दुसऱ्या पेट्रोल मशीनवर १० लिटरचं प्रीसेट (आधीच ठरवून दिलेलं माप) टाकलं की आकडा १०.०६ वर जाऊन थांबतो. डिझेलची दोन्ही चालू आहेत, पण एकाचा डिस्प्ले इतका फिका झालाय की गिऱ्हाइकाला वाकून बघावं लागतं. त्यात पुढे इथेनॉल जास्त असलेलं पेट्रोल येणार आहे.

पुरवठादार म्हणतो, चारही काढा आणि नवी बसवा. घ्यायची वेळ आली तर घेऊच, पण आधी नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं. सुरुवात कुठून करू?

---

गाळणी

आधी एक करा. "मशीन जुनं झालं" असं एकगठ्ठा बोलणं सोडा. डिस्पेंसर म्हणजे चार वेगळ्या गोष्टी एका पत्र्याच्या पेटीत: इंधन ओढणारा पंप, मोजणारा मीटर, हिशेब करणारं इलेक्ट्रॉनिक डोकं आणि ती पेटी. चौघांचं आयुष्य सारखं नसतं. चांगला पिस्टन मीटर दशकानुदशकं चालतो, डोकं त्याच्या खूप आधी कालबाह्य होतं. त्यामुळे निर्णय चारदा घ्यायचा, एकदा नाही.

आता दुपारच्या बारीक धारेचं. सक्शन पंप टाकीतून इंधन ओढतो म्हणजे पाइपात निर्वात तयार करतो. दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळायला लागतं, आणि ऊन असेल तर आणखी लवकर. पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, ते पंपाच्या पात्यांशी येऊन फुटतात, तीच तुमची खरखर. हवा वेगळी करणारी टाकी ती वाफ बाहेर काढून टाकते, म्हणून मीटरपर्यंत पोचणारं इंधनच कमी. सकाळी हे होत नाही, याचा अर्थ तुमचं सक्शन काठावर चाललंय. कुठेतरी अडथळा आहे.

पंपाच्या इनलेटला व्हॅक्यूम गेज लावा आणि नोझल पूर्ण उघडून बघा. निर्वात जास्त आणि धार कमी असेल तर अडथळा पंपाच्या आधी: गाळणी तुंबलीय, चेक व्हॉल्व्ह (इंधन उलट जाऊ न देणारा) अर्धवट उघडतोय किंवा पाइप दबलाय. निर्वात कमी, धारही कमी आणि साइट ग्लासमध्ये (आतलं इंधन दाखवणाऱ्या काचेत) बुडबुडे, तर कुठल्यातरी जोडातून हवा आत येतेय. निर्वात ठीक असून धार कमी, तर दोष पंपाच्या पुढे: बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह), होज, नोझल. पात्यांनी झिजलेला पंप मात्र निर्वातच नीट धरत नाही, आणि सैल पट्टाही तसाच फसवतो. म्हणून गेज लावायच्या आधी पट्टा हाताने दाबून बघा. नोझलचा संशय असेल तर शेजारच्या मशीनचं, त्याच इंधनाचं नोझल लावून बघा, फार डोकं चालवायला लागत नाही.

मिनिटाला ३५ ते ४० लिटर ही साध्या नोझलची नेहमीची धार. भर दुपारी बादली न वापरता प्रमाणित मापात भरून, घड्याळ लावून मोजा.

१०.०६ चं दुखणं सोलेनॉइड व्हॉल्व्हचं दिसतंय. तो दोन टप्प्यांत बंद होतो: ठरलेल्या आकड्याच्या थोडं आधी मोठी वाट बंद होते, उरलेलं इंधन बारीक वाटेने जातं आणि मग तीही बंद. पडद्याखाली किंवा पायलटच्या भोकात कचरा अडकला की बंद व्हायला उशीर होतो. जादा गेलेलं इंधन आकड्यात धरलं जातंय, त्यामुळे हा मोजणीतला दोष नाही. व्हॉल्व्ह खोलून साफ करायचा, पडदा कडक झाला असेल तर बदलायचा. एवढ्यासाठी कोणी मशीन काढायला सांगत असेल तर त्याला गेज लावून दाखवायला सांगा.

---

वीस_लिटर_माप

गाळणींचं सगळं पटलं. मीटरबद्दल मी सांगतो, कारण मशीन ठेवायचं की नाही हे माझ्या मते तिथेच ठरतं.

आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर ११७ शिफारशीनुसार डिस्पेंसरला ०.५ टक्के चूक चालते. २० लिटरच्या मापात म्हणजे १०० मिलिलिटर. आता हे बघा: पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.१ टक्का फुगतं. २० लिटरला ५ अंशांचा फरक पडला की झाले १०० मिलिलिटर, म्हणजे सगळी सवलत तिथेच संपली. उन्हात तापलेल्या मापात इंधन ओतून मीटरला दोष देणं अन्याय आहे. माप सावलीत ठेवा, आधी एकदा भरून रिकामं करून ओलं करा, आणि दर वेळी निथळायला तेवढाच वेळ द्या. ३० सेकंद ही रूढ वेळ. माप समपातळीत हवं आणि आकडा वाचताना डोळा रेषेच्या उंचीला.

चाचणी एकाच धारेने करून थांबू नका. एकदा पूर्ण धार, एकदा नोझल अर्धवट दाबून बारीक धार. यातच मीटरची तब्येत कळते. पिस्टनच्या कडांची सील झिजली की थोडं इंधन न मोजता पलीकडे निसटतं. जोरात धार असताना एकूण इंधनाच्या मानाने ती गळती नगण्य असते, बारीक धारेला तिचा वाटा वाढतो. म्हणून पूर्ण धारेला मीटर बरोबर, आणि बारीक धारेला मापात आकड्यापेक्षा जास्त इंधन, असं दिसलं तर मीटर झिजलाय. कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटरचा आकडा जुळवायची चकती फिरवून हे सुटत नाही. चकती दोन्ही आकडे एकत्र वर किंवा खाली नेते, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. सील संच बदला किंवा मीटर बदला.

मीटरवर वैधमापनाचं जे सील असतं त्याला स्वतः हात लावायचा नाही. अधिकृत माणसासमोर सील तोडायचं, आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहायचा, मग पुन्हा सील. आणि चकती सवलतीच्या काठावर आपल्या फायद्याच्या बाजूला नेऊन ठेवणं हा व्यवहार नव्हे. शून्याच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणायचं. गिऱ्हाईक आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं, त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो.

---

निळी_टाकी

दोघांचेही मनापासून आभार. मेकॅनिकला बोलावून सांगितल्याप्रमाणे केलं.

बारीक धारेच्या मशीनवर निर्वात खूप जास्त निघाला. गाळणी काढली तर जाळीवर तांबूस, चिकट गाळ. बोटावर घासला तर वाळूसारखा न लागता गंजाच्या पिठासारखा लागला. साफ करून लावल्यावर दुपारीही धार पूर्ण आली. सोलेनॉइड खोलून साफ केला, आता प्रीसेट जिथल्या तिथे थांबतं.

मीटर चाचणीत पेट्रोलची दोन्ही मशीन उत्तम. डिझेलचं फिक्या डिस्प्लेवालं मशीनही ठीक. दुसऱ्या डिझेलला मात्र पूर्ण धारेत आणि बारीक धारेत चांगलाच फरक आहे, अगदी वर वर्णन केलाय तसा.

हा गंज आला कुठून? आणि इथेनॉल वाढलं की काय होईल?

---

रबराची_रिंग

तांबूस पीठ बहुतेक टाकीच्या पोलादी भिंतींचंच. टाकीच्या तळाशी पाणी साचलं की तिथे गंज धरतो, टँकर खाली होताना तो ढवळून निघतो आणि थेट गाळणीत. इथेनॉल आल्यावर हे काही काळ वाढेल, कारण इथेनॉल चांगला द्रावक आहे. वर्षानुवर्षं भिंतीला चिकटलेला थर तो सोडवतो. म्हणून बदलाच्या आधी टाकी साफ करून घ्या आणि पहिल्या काही टँकरांच्या काळात फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला.

पाण्याचा प्रश्न त्याहून गंभीर. साध्या पेट्रोलमध्ये पाणी खाली बसतं, पंप त्याच्या वरचं पेट्रोल ओढतो, थोडं पाणी चालून जातं. इथेनॉल पाणी स्वतःत ओढून घेतं. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंशाला साधारण ०.५ टक्क्यापर्यंत पाणी पचवतं. त्यापुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोल सोडून तळाशी वेगळा थर करतात. हा थर नुसत्या पाण्यापेक्षा जाड असतो, कारण इथेनॉलही त्यातच आलेलं असतं, आणि सक्शन पाइपच्या तोंडापर्यंत तो सहज चढतो. तो एकदा गाड्यांत गेला की गाड्या तिथेच बंद पडतात. वरचं उरलेलं पेट्रोलही इथेनॉल गमावल्याने ऑक्टेनमध्ये हलकं झालेलं असतं, त्यामुळे "वरचं चांगलं आहे, ते विकू" हेही चालत नाही.

डिप रॉडला (टाकीतली पातळी मोजायच्या काठीला) लावायची पाणी ओळखणारी पेस्ट इथेनॉल मिश्रणासाठीची आहे ना ते डबीवर वाचून घ्या. जुनी पेस्ट या मिश्र थराला नीट रंग बदलत नाही. फिल्टरही पाणी ओळखणारा घ्या. त्यातला पदार्थ पाणी लागलं की फुगतो आणि वाट बंद करतो. धार अचानक मंदावली तर तो फिल्टर आपलं काम करतोय. तो काढून टाकून विक्री चालू ठेवायची नाही, आधी टाकी तपासायची.

आता रबर. जुन्या मशीनमधली सील आणि ओ रिंग बहुधा नायट्राइल रबरची. इथेनॉलमध्ये काही प्रकारचं नायट्राइल फुगतं, आणि मशीन काही दिवस कोरडं राहिलं की आकसतं. आकसलं की गळती. फ्लुओरोकार्बन रबर, ज्याला सगळे व्हिटॉन म्हणतात, ते जास्त टिकतं. होज, नोझल, स्विव्हल (फिरता जोड), ब्रेकअवे (ओढ बसली की सुटणारा जोड), सोलेनॉइडचा पडदा, मीटरची सील: प्रत्येक भागासाठी बनवणाऱ्याकडून "अमुक टक्के इथेनॉलपर्यंत चालतं" असं लेखी घ्या. तोंडी "चालतं हो" यावर जाऊ नका. एका भागाचं लेखी मिळत नसेल तर तो भाग बदला, सगळ्याच भागांचं मिळत नसेल तर पेट्रोलची मशीन बदलायचं ते खरं कारण आहे.

---

सर्किट_वाचक

फिक्या डिस्प्लेबद्दल. काचेचा एलसीडी उन्हाने मरतो, पण त्याआधी पॉवर सप्लाय तपासा. जुन्या सप्लायमधले कपॅसिटर सुकतात, व्होल्टेज उतरतं आणि आकडे फिके पडतात. डिस्प्ले बोर्ड सुटा मिळत असेल तर तेवढंच बदला. बोर्डवर स्मृतीसाठीची बॅटरी असेल तर ती काढण्याआधी सगळे टोटलायझर (आजवरच्या एकूण विक्रीचे) आकडे लिहून, फोटो काढून ठेवा. ते गेले की हिशेबाचा धागाच तुटतो.

अख्खं डोकं बदलायचं असेल तर तीन प्रश्न विचारा. पल्सर कोणता? मीटरच्या फिरण्याचं विजेच्या ठोक्यांत रूपांतर करणारा हा भाग, नव्या डोक्याला त्याचे ठोके कळले पाहिजेत. दुसरं, ऑफिसमधल्या कंट्रोलरशी कोणत्या भाषेत बोलणार? गिल्बार्को, वेन, टोकहाइम, तात्सुनो, मशीन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा जुना प्रोटोकॉल वेगळा. आयएफएसएफ नावाचं सामाईक मानक आहे, पण जुन्या मशीनला मध्ये कन्व्हर्टर लागतो. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: प्रकार मान्यता, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली वैधमापनाची मंजुरी. मान्यता मीटर, पल्सर आणि कॅल्क्युलेटर या जोडीला असते. कुठलंही किट आणून बसवलं तर मशीन अचूक असूनही कायद्याने अमान्य ठरू शकतं.

डोकं किती निर्णायक ठरतं याचं उदाहरण अमेरिकेतलं. २००८ मध्ये पेट्रोलचा भाव गॅलनला ४ डॉलरवर गेला तेव्हा अनेक गावांतले जुने यांत्रिक आकड्यांचे पंप अडले, कारण त्यांच्या चाकांवर ३.९९ च्या पुढचा भावच लावता येत नव्हता. पंप ठणठणीत, मीटर ठणठणीत. काही राज्यांनी तात्पुरती अर्ध्या गॅलनच्या भावाने विक्रीची मुभा दिली.

मशीनवरच कार्ड घेत असाल तर जुना रीडर ठेवू नका. आणि दाराचं कुलूप बघा. जुन्या मशीनच्या एकेका मॉडेलला सर्रास एकच किल्ली चालते. ती ज्याच्याकडे आहे तो आत कार्ड चोरणारं यंत्र बसवून जातो. कुलूप बदलणं सर्वांत स्वस्त अपग्रेड आहे.

---

मागची_खोली

मी हिशेब बघते, म्हणून माझा कोन वेगळा. निळी_टाकी, तुमच्या साठ्याच्या वहीतच मशीनबद्दल बरंच लिहिलेलं असतं, फक्त नीट मांडायला हवं.

रोजचं गणित सगळे करतात: सुरुवातीचा साठा, अधिक आलेला माल, उणे विक्री. ते डिपशी, म्हणजे टाकीत मोजलेल्या साठ्याशी ताडायचं. पण रोजचा फरक एकटा बघून काही कळत नाही, डिप घेताना एकदोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. महिनाभराचे फरक विक्रीसमोर मांडा. समजा ५००० लिटर विक्रीच्या दिवशी सरासरी १५ लिटर तूट आणि २००० च्या दिवशी ६ लिटर. दोन्हीकडे ०.३ टक्के. तूट विक्रीबरोबर वाढते, म्हणजे मीटर आकड्यापेक्षा जास्त इंधन देतोय. उलट विक्री कितीही असो, बंदच्या दिवशीही रोज ८ लिटर जातात असं दिसलं तर मशीनचा संबंध नाही, टाकी किंवा पाइप गळतोय. त्या दिवशीच तज्ज्ञ बोलवा, थांबायचं नाही. आणि तूट फक्त टँकर आला त्या दिवशीच उडी मारत असेल तर पावतीकडे आणि तापमानाकडे बघा. १२००० लिटर गरम माल थंड टाकीत उतरून ५ अंशांनी निवला तर ६० लिटर नुसता आकसतो. कोणी चोरलेला नसतो.

तुमच्या त्या डिझेल मशीनची तूट वहीत दिसलीच पाहिजे. दोन्ही डिझेल एकाच टाकीवर असतील तर त्या मशीनला चार दिवस विश्रांती द्या आणि फरकाचा कल बदलतो का बघा.

---

सरळ_नवं

सगळ्यांचा अभ्यास दांडगा आहे, पण विरोधी मत मांडतो. वीस वर्षांच्या मशीनला पार्ट शोधणं हा वेगळा धंदा होऊन बसतो. कंपन्या एकमेकींत विलीन होतात; वेन आणि टोकहाइम दोन्ही २०१६ मध्ये डोव्हर या अमेरिकी कंपनीकडे गेल्या. अशा वेळी जुन्या मॉडेलची मालिका पुढे किती चालेल याची खात्री लेखी घ्यायला हवी. मशीन बंद असताना गेलेली विक्री कोणी मोजत नाही.

आणि बदलणारच असाल तर सक्शन सोडून टाकीतल्या पंपाचा, म्हणजे एसटीपीचा विचार करा. टाकीत बुडालेला एकच पंप इंधन ढकलतो, ओढत नाही. त्यामुळे दुपारी वाफ धरायचा प्रश्नच मिटतो. टाकी लांब असेल, नोझल जास्त असतील तर हेच बरं. मशीनमधून मोटर, पट्टा, पंप सगळं जातं.

---

गाळणी

सरळ_नवं, एसटीपीचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सक्शनच्या पाइपला भोक पडलं तर हवा आत जाते आणि चेक व्हॉल्व्ह मशीनखाली असेल तर इंधन टाकीत परत उतरतं. दाबाच्या पाइपला भोक पडलं तर इंधन जमिनीत ढकललं जातं. म्हणून एसटीपीला लाइन लीक डिटेक्टर (पाइपातली गळती ओळखणारा) लागतो आणि प्रत्येक मशीनखाली शिअर व्हॉल्व्ह, गाडी मशीनला धडकली तर तिथेच वाट बंद करणारा. शिअर व्हॉल्व्ह चौथऱ्याला पक्का बोल्ट केलेला असेल तरच तुटतो आणि काम करतो. नुसता पाइपवर लोंबकळत असेल तर असून नसल्यासारखा. शिवाय एक एसटीपी बंद पडला की त्या इंधनाची सगळी नोझल बंद. चार मशीन, टाकी जवळ आणि पाइप चांगला असेल तर फक्त यासाठी जमीन खणू नका. टाकी किंवा पाइप बदलायचाच असेल तर मात्र त्याच वेळी करा.

जुनं मशीन कुठल्या कारणाने मी बिनशर्त टाकून देईन ते सांगतो: विजेच्या ज्वालारोधक पेट्या. लोकांना वाटतं ही पेटी वाफ आत येऊ देत नाही. तसं नाही. वाफ आत जाऊ शकते, आत ठिणगी पडून स्फोटही होऊ शकतो. पेटी तो स्फोट पोटात ठेवते, आणि झाकणाच्या अरुंद सपाट फटीतून बाहेर येणारा वायू इतका थंड होतो की बाहेरची वाफ पेटत नाही. सगळी सुरक्षा त्या फटीच्या मापात आहे. तिथे गंज, ओरखडा, एक बोल्ट कमी किंवा कोणी पाणी येऊ नये म्हणून भरलेला सिलिकॉन असेल तर पेटी निकामी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीनचार पट जड असते, ती मशीनच्या तळातच साचते, नेमकी या पेट्यांच्या आसपास. फटीचे पृष्ठभाग गंजून खड्डे पडले असतील आणि मूळ पेटी मिळत नसेल तर मीटर कितीही चांगला असो, मशीन काढा.

---

निळी_टाकी

पेट्या उघडून बघितल्या (वीज बंद करून, अधिकृत माणसाकडूनच). पेट्रोलच्या दोन्हींचे पृष्ठभाग स्वच्छ. झिजलेल्या मीटरच्या डिझेल मशीनमध्ये एका पेटीला दोन बोल्ट नव्हते आणि फटीत गंज होता. वहीतही ताई म्हणाल्या तसंच निघालं, डिझेलची तूट विक्रीबरोबर वाढतेय.

म्हणून ठरवलंय: ते एक डिझेल मशीन नवं. त्याचा पंप, सोलेनॉइड आणि पट्टा दुसऱ्या डिझेलसाठी पार्ट म्हणून ठेवणार, आणि त्या दुसऱ्याचा डिस्प्ले बोर्ड बदलणार. पेट्रोलची दोन्ही ठेवतोय, सगळी सील आणि होज इथेनॉलच्या लेखी हमीची घालून. टाकी आधी साफ.

आता रोजच्या देखभालीचं कोणी सांगेल का?

---

गाळणी

चांगलं ठरवलंत. रोज सकाळी पहिल्या विक्रीच्या आधी साइट ग्लास बघा. इंधन खाली उतरलेलं दिसलं किंवा पहिली धार यायला वेळ लागला तर चेक व्हॉल्व्ह रात्री गळतोय. मोटर चालू करून नोझल बंद ठेवा आणि आकडा बघा. सुरुवातीला होज फुगते तेवढा किंचित सरकला आणि थांबला तर ठीक, सरकतच राहिला तर कुठेतरी गळती आहे.

नोझलच्या टोकाजवळ आतल्या बाजूला एक बारीक भोक असतं. टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं ते याच्याच जिवावर: इंधनाच्या वेगाने या भोकातून हवा ओढली जाते, इंधनाने भोक झाकलं की हवा थांबते, आत निर्वात वाढून पडदा खटका सोडतो. भोकात माती बसली तर नोझल लगेच लगेच बंद होतं आणि गिऱ्हाईक वैतागतं. तारेने खुपसू नका, फुंकर किंवा मऊ ब्रश. आणि टाकी भरूनही आपोआप बंद होत नसेल तर ते नोझल त्याच क्षणी काढून ठेवा.

होजला कात्रे पडले, आतली जाळी दिसली, फुगवटा आला की बदला. होज बदलल्यावर नोझलपासून मशीनच्या अर्थिंगपर्यंत विद्युत जोड सलग आहे का मल्टिमीटरने तपासून घ्या, स्थिर विजेला तीच वाट असते. ब्रेकअवे तारेने बांधून ठेवलेला असेल तर ती तार काढा. गाडी नोझलसकट निघाली तर तो सुटलाच पाहिजे.

शेवटचं, मेकॅनिक नवा असेल तर त्याला आधीच सांगा: मशीनला वीज एकाच वाटेने येत नाही. मोटरची वेगळी, डोक्याची वेगळी, आणि ऑफिसच्या कंट्रोलरकडून येणारी सिग्नलची तार वेगळी. एक एमसीबी पाडला म्हणून मशीन मेलं असं धरून पेटी उघडायची नाही. सगळ्या वाटा बंद करायच्या, स्विचला कुलूप लावायचं, टेस्टरने तपासायचं, मगच बोल्ट सैल करायचे.